चेनच्या आतली चिठ्ठी

या व्यवहारात मावशीचा फायदा मोजायचा तर तो तीन कलमांत संपत होता. भाचीला गाडी मिळाली की दुकानातलं स्टूल रिकामं होणार होतं. गेले तीन आठवडे ती त्यावर मोबाईल घेऊन अंडी उबवायला बसल्यासारखी बसली होती. दुसरं, रविवारी पुढच्या सीटवर बसून कुठेतरी हिंडता येणार होतं. मावशीने सव्वीस वर्षं लोकांच्या गाड्यांची सीट कव्हरं शिवली, पण त्या सीटवर बसून कोपऱ्यापलीकडे जायचा योग काही आला नव्हता. आणि तिसरं, ‘मावशी, ही बघ ना’ हे वाक्य दिवसातून चाळीस वेळा कानावर पडणं थांबणार होतं. हे तिसरं कलम मावशीला सगळ्यांत किमती वाटे.

भाचीच्या बाजूला एकच कलम होतं, पण जड. ती नर्स होती. चार वर्षं रात्रपाळ्या करून तिने दोन लाख पंचाहत्तर हजार साठवले होते. घरोघर जाऊन रुग्णांची मलमपट्टी, इंजेक्शनं बघायच्या कामावर इस्पितळ तिला एक तारखेपासून घ्यायला तयार होतं. दिवसपाळी, पगार दीडपट, अट एकच: गाडी स्वतःची हवी. आज बावीस तारीख होती. नऊ दिवसांत गाडी दारात आली नाही तर ती जागा यादीतल्या पुढच्या नर्सला जाणार होती आणि भाचीच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं कायम होणार होती.

सतत भिरभिरते म्हणून मावशी तिला भिंगरी म्हणायची. भिंगरी मावशीकडेच राहायची, दुकानामागच्या दोन खोल्यांत. पुढे दुकान: एक लांब टेबल, जाड सुईचं काळं मशीन, भिंतीला टेकून उभे रेक्झिनचे गुंडाळे आणि फोमचे तुकडे भरलेलं एक पिंप. मावशीच्या कामाची एक रीत होती. कव्हरची गॅरंटी ती दोन वर्षं किंवा वीस हजार किलोमीटर अशी द्यायची. सुरुवातीला कार्डं छापली. गिऱ्हाईकं कार्ड हरवायची आणि मग पन्नास हजार किलोमीटर गाडी पळवून ‘अहो, दहाच हजार झाले’ म्हणून उसवलेलं कव्हर घेऊन यायची. तेव्हापासून मावशी कापडाच्या तुकड्यावर न पुसणाऱ्या शाईने गाडीचा नंबर, तारीख, मीटरचा आकडा आणि काय काम केलं ते लिहायची, आणि तो तुकडा चालकाच्या सीटच्या मागे, कव्हरच्या चेनच्या आत सरकवून ठेवायची. गिऱ्हाईकाला हे सांगायची नाही. सांगितलं तर काढून टाकतील, ही साधी अक्कल.

“जगात प्रामाणिक माणसं आहेत,” ती म्हणायची, “पण ती कव्हर उसवलं म्हणून भांडायला येत नाहीत.”

तीन आठवडे स्टुलावर बसून भिंगरी वाचायची आणि मावशी शिवता शिवता ऐकायची. त्यातून मावशीला या ऑनलाइन बाजाराची बऱ्यापैकी ओळख झाली.

“ही बघ. डॉक्टरांची गाडी, एकच मालक.”

“कालच्याही तीन डॉक्टरांच्याच होत्या. सगळे डॉक्टर एकदम पायी चालायला लागले की काय?”

“ही फारच स्वस्त आहे गं. मालक परदेशी गेलेत. पैसे भरले की माणूस गाडी दारात आणून देणार.”

“बरोबर आहे. मालक परदेशी, गाडी फोटोत आणि पैसे आपले. पुढे.”

“ही बरी आहे.”

मावशीने मशीनचा पाय थांबवून चष्म्यातून पाहिलं. “ओली आहे.”

“धुतलीय म्हणून.”

“रोज कोण धुऊन फोटो काढतं? ओल्या गाडीवर ओरखडा दिसत नाही. आणि मागची भिंत बघ, पिवळी, खाली पोपडे आलेली. परवाच्या लाल गाडीमागे हीच भिंत होती आणि त्या मालकाचं नाव वेगळं होतं. एका भिंतीला दोन मालक कसे?”

एक जाहिरात मात्र वाचून भिंगरी खो खो हसली. कुणा निवृत्त गणिताच्या मास्तरांनी गाडी विकायला काढली होती आणि स्वतःच क्रमांक घालून तिचे दोष लिहिले होते. मागचं डावं दार आतून उघडत नाही. पावसात मागची काच गळते, खाली फडकं ठेवावं. मांजराने दोन सीट फाडलेल्या आहेत, मांजर विक्रीस नाही. एक्क्याण्णव हजार किलोमीटर. फोटो भर दुपारच्या उन्हात काढलेला. त्यात हिरव्या रंगाची ती गाडी जितकी जुनी होती तितकीच जुनी दिसत होती.

“ही कोण घेणार?” भिंगरीने बोटाने ती वर सरकवून दिली.

“असू दे, बाजूला ठेव,” मावशी म्हणाली. “जो माणूस फडक्याचंसुद्धा सांगतो, त्याच्याकडे लपवायला काही उरत नाही.”

पण भिंगरीचं मन तोवर दुसरीकडे बसलं होतं. चंदेरी रंगाची छोटी गाडी, घरगुती वापर, ‘वडिलांनी तळहातावरच्या फोडासारखी जपलेली’, अडतीस हजार किलोमीटर, किंमत दोन लाख साठ हजार. फोटो बारा. त्यांतला सातवा तिने मावशीच्या नाकापुढे धरला.

“सीट बघ मावशी! तपकिरी, क्रीम दोऱ्याची दुहेरी शिवण. जराही बसलेली नाही, घासलेली नाही. तूच म्हणतेस ना, बोलणारा खोटं बोलेल, सीट बोलणार नाही?”

मावशीने पाहिलं. शिवण सरळ होती, कोपरे नीट वळवलेले. “हात चांगला आहे,” ती मनापासून म्हणाली. दुसऱ्याच्या शिवणीला ती सहसा चांगलं म्हणायची नाही, आणि इथे म्हणाली, तेव्हाच तिला काहीतरी कळायला हवं होतं. पण फोटो संध्याकाळचा, तपकिरी रेक्झिन तर गावभर. तिने दोरा तोडला आणि पुढचं कव्हर ओढलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघी गाडी बघायला निघाल्या. बसमध्ये चौथ्या थांब्याला भिंगरी म्हणाली, “मावशी, रागावणार नाहीस ना?”

हे वाक्य ज्याच्या तोंडून निघतं त्याचे पैसे आधीच गेलेले असतात, हे मावशीला ठाऊक होतं. “किती?” तिने विचारलं.

“पंधरा हजार. टोकन. काल रात्री. तो म्हणाला, आज साडेचारला दुसरी पार्टी येतेय, रोख घेऊन. टोकन दिलंत तर तुमच्यासाठी धरून ठेवतो, ताई.”

“कुणाला धरून ठेवतो? गाडीला की तुला?”

भिंगरी खिडकीबाहेर बघायला लागली. पंधरा हजार म्हणजे किती रात्रपाळ्या, हे भिंगरीला मावशीपेक्षा चांगलं माहीत होतं. घाई विकणाऱ्याला असली तर किंमत उतरते, घेणाऱ्याला असली तर अक्कल. हे मावशी बोलणार होती, पण ते कालच बोलायला हवं होतं.

गाडी एका सहामजली इमारतीच्या खाली, खांबांच्या मधल्या पार्किंगमध्ये उभी होती. विकणारा पस्तिशीचा, हसरा, शर्टाची घडी इतकी कडक की हात वर केला तर मोडेल. मावशीने मनातल्या मनात त्याचं बारसं करून टाकलं: कडक इस्त्री. खांबाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते, एका अंगाला कलून, कोपर खुर्चीच्या हातावर टेकवून.

“हे आमचे बाबा,” कडक इस्त्री म्हणाला. “गाडी त्यांचीच. डोळ्यांनी दगा दिला म्हणून विकतोय, नाहीतर जिवात जीव असेपर्यंत सोडली नसती. फक्त बाजारात जायचं आणि दवाखान्यात. हो ना, बाबा?”

बाबांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते ज्याने त्याने ठरवावं.

गाडी धुतलेली होती, अजून थेंब ओघळत होते. भिंगरीने बॉनेटवर हात ठेवला, जसा ती रुग्णाच्या कपाळावर ठेवते. “तापलीय.”

“तुम्ही येणार म्हणून जरा फिरवून आणली, ताई. स्वतःच्या बहिणीसाठी केलं असतं तेच.”

“बहिणीकडून टोकन घेतलं असतं का?” मावशीने सहज विचारलं.

तो मोठ्याने हसला. “मावशी गमतीदार आहेत!”

भिंगरी कागदपत्रं बघू लागली. कागद खरे होते. मालक म्हणून कुठल्याशा औषध कंपनीचं नाव होतं. त्याचं कारणही तयार होतं: बाबांची नोकरी, कंपनीने निवृत्तीच्या वेळी दिलेली गाडी. इंजिनातलं मावशीला कळत नव्हतं. तिने आपल्याला कळतं ते केलं: चालकाच्या सीटवर बसली.

बसल्या बसल्या तिने पाठीमागे हात घातला, शिवण जिथे संपते तिथे. शिवणारा माणूस दुसऱ्याचं काम असंच बघतो, शेवटापासून. बोटाला तीन टाके लागले. उलटे घेतलेले तीन टाके, जवळ जवळ, शेवटचा जरा तिरका.

मावशीने बोट पुन्हा एकदा त्यांवरून फिरवलं आणि हात पुढे मांडीवर घेतला.

टाके उलटे सगळेच घेतात. कुणी दोन घेतो, कुणी पाच. तीन घेऊन शेवटचा तिरका मारायची खोड एकाच हाताची होती, आणि तो हात आता तिच्या मांडीवर होता. गाड्यांची तोंडं मावशीच्या लक्षात राहत नसत, बैठकी राहत. पण हीच बैठक तिच्या लक्षात राहिली नव्हती, कारण शिवून झाल्यावर ती बैठक उरलीच नव्हती. नवी झाली होती.

“सीट छान आहे,” ती म्हणाली.

“कंपनीची आहे, मावशी. ओरिजिनल.”

“वरून कव्हर घातलेलं नाही?”

“छे, छे! बाबांना बाहेरचं काम मुळीच चालत नाही. हे गल्लीबोळातले शिवणारे काय शिवतात? सहा महिन्यांत उसवतं.”

एकाच दमात आपली इतकी स्तुती आणि इतकी नालस्ती मावशीने याआधी ऐकली नव्हती. जमा-खर्च बरोबरीत सुटला. तिने खाली वाकून सीटमागची चेन ओढली.

“अहो, अहो, काय करताय?”

“गल्लीतली शिवणारी आहे मी. कंपनीवाले आतून कसं शिवतात ते बघते. शिकायला वय नसतं.”

चेन उघडली. दोन बोटं आत गेली आणि कापडाचा तुकडा घेऊन बाहेर आली. चष्मा मावशीच्या नाकावरच होता, पण तिने तुकडा भिंगरीपुढे धरला. “वाच गं जरा. माझं अक्षर मलाच लागत नाही.”

भिंगरीने मोठ्याने वाचलं. आधी नंबर. तो वाचताना तिने गाडीच्या पाटीकडे पाहिलं आणि तिचा आवाज हळू झाला. मग तारीख, आठ महिन्यांपूर्वीची. मग आकडा: “एक लाख शेहेचाळीस हजार तीनशे.” आणि खाली: “ड्रायव्हर सीट, दाराकडची बाजू पार बसलेली. फोम नवा भरला.”

भिंगरीने वाकून मीटर पाहिलं. मीटरवर अडतीस हजार चारशे बारा होते.

“हे... हे कव्हर दुसऱ्या गाडीचं,” कडक इस्त्री म्हणाला. “आम्ही जुनं आणून बसवलं.”

“आत्ता तर कंपनीचं होतं.”

“म्हणजे तसं...”

“नंबर याच गाडीचा आहे,” भिंगरी म्हणाली.

“मीटर बिघडलं होतं, ताई. बदललं. नव्या मीटरवर आकडा कमीच येणार ना! त्यात लपवण्यासारखं काय आहे?”

“काहीच नाही,” मावशी म्हणाली. “फक्त जाहिरातीत लिहायचं राहिलं. माझी पंचाईत वेगळीच आहे. मी वीस हजार किलोमीटरची गॅरंटी दिलीय आणि तुमची गाडी आठ महिन्यांत लाखभर किलोमीटर मागे चालली. आता तुम्ही मला कव्हर शिवून द्यायचं की मी तुम्हाला?”

खांबाकडून खाकरल्याचा आवाज आला. मावशीने खुर्चीकडे पाहिलं. म्हातारे गृहस्थ अजून तसेच कललेले होते, कोपर टेकवून. आणि चिठ्ठीतली ती बसलेली बाजू तिला एकदम आठवली: दाराकडे खचलेला फोम, हाताएवढा खड्डा. अशी सीट एका जागी, एका अंगाने, वर्षानुवर्षं बसल्याशिवाय होत नाही.

“आजोबा,” ती म्हणाली, “दहा-अकरा वर्षं दाराला कोपर लावूनच बसलात ना?”

“बारा,” म्हातारा म्हणाला.

“बाबा!” कडक इस्त्री ओरडला.

“मी कुणाचा बाबा नाही हो, बाई. मी ड्रायव्हर. औषधांची खोकी पोचवायचो, दिवसाला चाळीस किलोमीटर तरी कुठे गेले नाहीत. कंपनीने गाडी विकली आणि दोन महिन्यांनी मलाही काढलं. हे साहेब बोलावतात, खुर्चीवर बसायचे दोनशे देतात.” मग तो म्हणाला, “मान हलवायचे त्यातच.”

आता खरं तर मावशीने जिंकल्यासारखं हसायला हवं होतं. पण भिंगरी तुकडा हातात घेऊन तिच्याकडे बघत होती.

“मावशी, हे अक्षर तुझं.”

“हो.”

“मी ही सीट बघूनच टोकन भरलं.”

“माहीत आहे.”

एवढंच बोलणं झालं, पण त्यात मावशीचं सगळं आलं. शेजारच्या गॅरेजचा पेंटर गेल्या वर्षापासून तिच्याकडे गाड्या आणायचा. ‘विकायची आहे मावशी, जरा तरुण दिसू दे,’ म्हणायचा. ती फोम भरायची, कोपरे उचलून घ्यायची, सहा हजार मोजून घ्यायची. गिऱ्हाईकाने कुठे जाऊन काय सांगायचं हे शिवणाऱ्याने का विचारावं? हा तिचा नियम होता, आणि सहा हजारांत असा नियम सोयीचाच पडतो.

“टोकन परत करा,” भिंगरी म्हणाली.

कडक इस्त्रीचं हसू आता घडीसारखंच मोडलं होतं. “टोकन परत मिळत नसतं, ताई. पद्धत आहे. सौदा तुम्ही मोडताय.”

भिंगरीचा चेहरा उतरला. मावशीने मात्र सीट मागे सरकवली आणि पाय पसरून निवांत बसली. “किती वाजले गं?”

“चार वीस.”

“मग बसू दहा मिनिटं. साडेचारला दुसरी पार्टी येतेय ना? मी गाडीची माहिती सांगते त्यांना. बारा वर्षांचा चालक इथे आहे, शिवणारी इथे आहे, चिठ्ठी इथे आहे. एवढी माहिती कुठल्या जाहिरातीत असते?”

दुसरी पार्टी ही विकणाऱ्यांच्या तोंडातली नेहमीची थाप असते, हे मावशीला पक्कं ठाऊक होतं. तिला आपलं त्याच्या गळ्यात त्याचंच घोंगडं अडकवायचं होतं. पण जन्मात एकदा माणूस खरं बोलतो आणि तेच अंगाशी येतं. फाटकातून खरोखरच एक जोडपं आत येत होतं. बाईच्या कडेवर मूल होतं, बुवांच्या हातात फुगलेली बॅग.

कडक इस्त्रीने मोबाईल बाहेर काढला. त्याचा अंगठा इतक्या वेगाने चालला की भिंगरीच्या पर्समधला मोबाईल, जोडपं दुसऱ्या खांबापर्यंत येईतो, वाजलासुद्धा.

“पंधरा हजार आले,” भिंगरी म्हणाली.

“झालं ना आता?” तो दात आवळून पुटपुटला. “ती चिंधी मला द्या आणि निघा.”

“चिठ्ठी गाडीची आहे, गाडीतच राहील.” मावशीने तुकडा होता तिथे ठेवला, चेन लावली आणि उतरली. तिने कसलाही शब्द दिलेला नव्हता आणि त्यानेही घ्यायचा राहिला होता. घाईत होतं असं. समोरून येणाऱ्या बाईला ती म्हणाली, “सीट कव्हर मी शिवलंय बरं का. कंपनीचं नाही. गॅरंटीची चिठ्ठी मागच्या चेनमध्ये आहे, वाचून घ्या. मीटरशी ताडून बघा.”

त्या बाईने नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने बॅग दुसऱ्या हातात घेतली, विकणाऱ्यापासून लांबच्या.

फाटकाबाहेर येईतो म्हातारा ड्रायव्हर मागून आला. त्याला दोनशे मिळाले नव्हते, हे विचारायची गरज नव्हती. बस थांब्यावर तिघं उभी राहिली.

“मुली,” तो भिंगरीला म्हणाला, “गाडी बघायला जाताना वेळ सांगू नये. सकाळी जायचं, इंजिन थंड असताना. आणि पेडलचं रबर बघायचं. मीटर मागे नेतात, सीट शिवतात, रबराकडे कुणाचं लक्ष जात नाही. या गाडीचं रबर तर माझ्या बुटाने गुळगुळीत केलेलं आहे.”

“हे तुम्ही आत सांगायचं ना, आजोबा,” मावशी म्हणाली.

“दोनशे मान हलवायचे होते, बाई. तोंड उघडायचे नव्हते. तुम्ही सीट शिवायचे घेतलेत ते कशाचे होते?”

मावशीने त्याला मास्तरांच्या गाडीचं सांगितलं आणि बघायला बरोबर चला म्हणाली.

पंचवीस तारखेला सकाळी सात वाजता, न कळवता, तिघं गणिताच्या मास्तरांकडे गेली. मास्तर दात घासत दार उघडायला आले. ड्रायव्हरने थंड इंजिन चालू केलं, कान लावला, रबर बघितलं, खाली वाकून तेल गळतंय का पाहिलं आणि म्हणाला, “यादीत एक दोष राहिलाय. हॉर्न मध्येच बसतो.” मास्तरांनी आत जाऊन पेन आणलं आणि आठवं कलम लिहिलं. दोन लाख तीस हजार. भिंगरीने घासाघीस करायला तोंड उघडलं तेव्हा मास्तर म्हणाले, “दोष वजा करूनच आकडा काढलाय, वजाबाकी दाखवू?” त्यांनी वही आणायच्या आत भिंगरी हो म्हणाली. मांजर खिडकीत बसून हे सगळं बघत होतं, आपलं काम झाल्यासारखं.

त्याच संध्याकाळी पेंटर दुकानात आला. बसला नाही.

“मावशी, पोटावर पाय दिलात.”

“कुणाच्या?”

“माझ्या. आणि तुमच्याही. तो चंदेरी गाडीवाला सगळ्यांना सांगत सुटलाय, हिच्याकडे सीट देऊ नका, आत हेर बसवते. आता एक गाडी आणायची नाही तुमच्याकडे.”

“नको आणूस,” मावशी म्हणाली. “आणलीस तरी यापुढे चिठ्ठी आत नाही, बाहेर शिवणार आहे. सीटच्या बाजूला, दार उघडलं की दिसेल अशी.”

“मग तुमच्याकडे येणार कोण?”

“ज्याला मीटर मागे न्यायचं नाही तो.”

“म्हणजे फार थोडे,” पेंटर म्हणाला, आणि त्यात तो खोटं बोलत नव्हता.

तो गेल्यावर मावशीने कामाची वही काढली आणि पेंटरच्या नावापुढच्या गाड्या मोजल्या. बारा निघाल्या. ती चंदेरी धरून.

आता शेवटचा हिशेब. भिंगरी एक तारखेला हिरवी गाडी घेऊन कामावर गेली. मागची काच गळते, खाली फडकं आहे. तिचं काही गेलं नाही, उलट पंचेचाळीस हजार उरले. कडक इस्त्रीचंही काही गेलं नाही. त्याने जाहिरात उतरवली आणि आठवड्याने दुसऱ्या भिंतीपुढे फोटो काढून पुन्हा टाकली, या वेळी सीटचा फोटो न घालता. ते जोडपं बॅग घेऊन आलं तसं परत गेलं. ड्रायव्हरचे दोनशे बुडाले होते ते मावशीने मास्तरांची गाडी तपासल्याबद्दल दिले. त्याने घेतले आणि म्हणाला, “यात मान हलवायची नव्हती, म्हणून जास्त पडतात,” आणि आणखी शंभर घेतले. मांजराने फाडलेल्या दोन सीटांचं रेक्झिन, फोम, दोरा मावशीच्या खात्यात. पेंटरचं काम गेलं, वर्षाला साठ-सत्तर हजारांचं, तेही मावशीच्या खात्यात. रविवारी पुढच्या सीटवर बसून एक चक्कर, ती जमेला. त्यातही हॉर्न बसला.

राहिले ते अकरा. कुठली तरी अकरा माणसं मावशीच्या शिवणीवर टेकून, जास्त पैसे मोजून, रोज कुठे कुठे जात होती, आणि त्यांच्या पाठीमागे चेनच्या आत खरा आकडा होता. भिंगरीला बाजूला बसवून मावशीने त्याच ऑनलाइन बाजारात एक जाहिरात टाकली. विकायला काही नव्हतं. फोटो दुपारच्या उन्हात काढलेला, चेनवरच्या तीन टाक्यांचा. खाली लिहिलं: ‘जुनी गाडी घेतली असेल आणि सीटमागे असे टाके असतील तर चेन उघडून वाचा. आकडा जुळला नाही तर गाडी घेऊन या. विकणाऱ्याला विचारायला जायचं असेल तर साक्षीला येईन, आणि कव्हरचे माझे सहा हजार परत करीन.’

“मावशी, सहासष्ट हजार होतील,” भिंगरी म्हणाली.

“मला गुणाकार येतो.”

चार महिने झाले. आतापर्यंत तिघं आले. अठरा हजार गेले. आठ बाकी.